दोर तुटल्यानंतर : ऑपरेशन फ्रेशमन, नोव्हेंबर १९४२

आजचा विषय नॉर्वेच्या डोंगरात कोसळलेल्या दोन ग्लायडरांचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात ही घटना ‘ऑपरेशन फ्रेशमन’ या नावानं येते आणि बहुतेक पुस्तकांत तिला एक-दोन पानं मिळतात. नॉर्वेमधला जड पाण्याचा कारखाना उडवायला ब्रिटिशांनी माणसं पाठवली, हवामान खराब निघालं, ग्लायडर डोंगरात पडले, एक्केचाळीस जण गेले. मग पुस्तक लगेच पुढच्या, यशस्वी मोहिमेकडे वळतं. मीही बरीच वर्षं ही हकीकत अशीच वाचली आणि वर्गात अशीच सांगितली.

एकदा सहज मी त्या एक्केचाळीस जणांची बेरीज मांडायला बसलो. एका ग्लायडरमध्ये सतरा माणसं, असे दोन ग्लायडर, म्हणजे चौतीस. शिवाय एक विमानही कोसळलं, त्यातले सात. झाले एक्केचाळीस. आता यातली प्रत्यक्ष अपघातात किती गेली? विमानातले सातही. पहिल्या ग्लायडरमधले आठ, दुसऱ्यातले तीन. म्हणजे अठरा. मग उरलेल्या तेविसांचं काय झालं? रात्री, बर्फात, खडकांवर आपटलेल्या लाकडी ग्लायडरमधून तेवीस माणसं जिवंत बाहेर आली होती. ‘अपघातात एक्केचाळीस मृत्यू’ हे वाक्यच मुळात चुकीचं आहे. आज मला या तेविसांबद्दल बोलायचं आहे. त्यांच्याबरोबर आणखी चार माणसांबद्दलही, जी त्याच हिवाळ्यात त्याच देशाच्या डोंगरात जगली.

आधी कारखान्याचं थोडक्यात सांगतो. दक्षिण नॉर्वेत टेलेमार्क नावाचा भाग आहे. तिथे र्यूकान गावाजवळ वेमोर्क इथं नॉर्स्क हायड्रो कंपनीचा मोठा जलविद्युत प्रकल्प होता. स्वस्त वीज भरपूर, त्यामुळे पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा, तो खतासाठी वापरायचा, असा उद्योग. त्याच प्रक्रियेत १९३४ पासून तिथे जड पाणी वेगळं काढलं जाऊ लागलं. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला हे पाणी चालतं. १९४० मध्ये जर्मनीनं नॉर्वे घेतला आणि उत्पादन वाढवायला सांगितलं, तेव्हा लंडनमध्ये धोक्याची घंटा वाजली. हिटलरचे शास्त्रज्ञ बॉम्बच्या फारसे जवळ नव्हते हे आज आपल्याला माहीत आहे. १९४२ मध्ये ते कुणालाच माहीत नव्हतं. हा कारखाना उभारण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो लाइफ ट्रोन्स्टाड नावाचा रसायनतज्ज्ञ निसटून ब्रिटनमध्ये पोचला होता. त्यामुळे कारखान्याच्या आतली माहिती चोख होती. अडचण होती तिथे पोचण्याची. वेमोर्क म्हणजे एका खोल दरीच्या काठावरचा सपाट टप्पा. समोरून यायला दरीवरचा एकच झुलता पूल, आणि त्याच्यावर पहारा.

ब्रिटिशांनी ठरवलं, की ‘सॅपर’, म्हणजे स्फोटकांचं काम जाणणारे अभियंता सैनिक ग्लायडरनं उतरवायचे. ग्लायडरच का? त्यामागे तर्क होता. पॅराशूटनं तीस माणसं टाकली की ती दोन-चार किलोमीटरभर पसरतात. अंधारात, बर्फात एकमेकांना शोधण्यातच रात्र जाते, आणि स्फोटकांचे गठ्ठे तिसरीकडेच पडलेले असतात. ग्लायडरमधून माणसं आणि सामान एकाच जागी, एकाच क्षणी, आवाज न करता उतरतं. मे १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या थेट छतावर ग्लायडर उतरवून तो घेतला होता. ते उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. पण बेल्जियम सपाट आहे, आणि तो हल्ला पहाटे, मे महिन्यात झाला. हा फरक ध्यानात ठेवा.

पुण्यातल्या श्रोत्यांनी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर पाहिला असेल. लांब, सडपातळ पंख, आत एक-दोन माणसं, विंचनं दोर ओढून वर सोडतात. इथला ग्लायडर तसा नव्हता. ‘हॉर्सा’ नावाचा हा ग्लायडर जवळजवळ सत्तावीस मीटर पंखांचा, भरल्यावर सात टनांच्या घरात जाणारा, आणि सगळा लाकडी. हॉर्साचे भाग बनवण्याचं काम फर्निचरच्या कारखान्यांनाही दिलेलं होतं. याला हवेत तरंगत राहण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. एका विमानाच्या मागे दोर बांधून न्यायचं, ठरल्या जागी दोर सोडायचा आणि सरळ खाली यायचं. एकदाच वापरायची गाडी म्हणा. वैमानिक अगदी पुढे, काचेच्या नाकात बसायचे. आपटला तर पहिला मार त्यांना.

ओढायला हॅलिफॅक्स बॉम्बर विमानं होती. १९ नोव्हेंबर १९४२ च्या संध्याकाळी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक गावाजवळच्या स्किटन विमानतळावरून दोन जोड्या निघाल्या. समोर सुमारे साडेसहाशे किलोमीटरचा प्रवास, त्यातला बहुतेक समुद्रावरून, रात्री. एवढ्या लांब भरलेला ग्लायडर ओढून नेण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. लढाईत हॉर्सा वापरण्याची ही पहिलीच वेळ. प्रत्येक ग्लायडरमध्ये पंधरा सॅपर आणि दोन वैमानिक. एका ग्लायडरचे वैमानिक ब्रिटिश, दुसऱ्याचे ऑस्ट्रेलियन. सॅपरांपैकी बरेचसे विशीतले, सगळे स्वेच्छेनं आलेले. सराव वेल्सच्या डोंगरात झाला होता. कुणी विचारलं तर सांगायचं, की अमेरिकन इंजिनिअरांबरोबर ‘वॉशिंग्टन कप’ नावाची स्पर्धा आहे, तिची तयारी चालली आहे.

दोराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथे तुटते. विमान आणि ग्लायडर यांच्यात शंभरेक मीटरचा दोर असतो. ग्लायडरच्या वैमानिकाला पुढच्या विमानाच्या मागे एका ठरावीक जागी राहावं लागतं, थोडं वर किंवा थोडं खाली. जागा सुटली की दोर सैल पडतो, मग झटक्यानं ताणला जातो. बैलगाडीच्या जोताला हिसका बसतो तसा, पण इथे मागे सात टन आहेत. आता ढगात शिरा. पुढचं विमान दिसेनासं होतं. डोंगरावरून येणारा वारा डोंगराच्या पाठीमागे खाली कोसळतो, वर उसळतो, गोल फिरतो. सह्याद्रीत पावसाळ्यात घाटमाथ्यावर उभं राहिलेल्याला याची थोडी कल्पना असेल. त्यातच थंड ढगातलं पाणी दोरावर, पंखांवर बर्फ होऊन चिकटतं. दोर जड आणि ताठ होतो. पंखाचा आकार बिघडतो, म्हणजे वजन वाढतं आणि उचल कमी होते. ओढणारं विमान आधीच पूर्ण जोर लावून चाललेलं असतं, वर चढून ढगाबाहेर पडायची ताकद त्याच्यात उरत नाही.

हा दोष फक्त नॉर्वेच्या बर्फाचा नव्हता. मार्च १९४४ मध्ये आपल्या सिलचरजवळच्या लालाघाट विमानतळावरून विंगेटच्या चिंडिट सैनिकांना ब्रह्मदेशात उतरवलं गेलं, तेव्हा प्रत्येक डाकोटामागे दोन-दोन ग्लायडर बांधले होते. चिन टेकड्यांवरून चढताना कितीतरी दोर तुटले. ग्लायडर चिंदविन नदीच्या अलीकडे-पलीकडे, भलत्याच ठिकाणी उतरले. काही माणसं पकडली गेली, काही जंगलातून चालत परत आली. तिथे बर्फ नव्हता, उंची होती आणि वजन होतं. पण त्याबद्दल वेगळं व्याख्यान करता येईल, आज नॉर्वेला परत जाऊ.

जमिनीवर या ग्लायडरांची वाट कोण पाहत होतं? चार नॉर्वेजियन. येन्स-अँटन पाउल्सन, क्नुट हाउगलान, क्लाउस हेलबर्ग आणि आर्ने शेल्स्त्रुप. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण घेतलेली ‘ग्राउस’ नावाची ही तुकडी महिनाभर आधी, १८ ऑक्टोबरच्या रात्री, हार्दांगरविद्दा नावाच्या विस्तीर्ण पठाराच्या कडेला पॅराशूटनं उतरली होती. १८ ऑक्टोबर ही तारीखही लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

हार्दांगरविद्दा म्हणजे झाडांची रेषा संपल्यावर सुरू होणारं ओसाड पठार. हिवाळ्यात तिथे वस्ती नाही, रस्ता नाही, आडोसा नाही. जर्मन सैनिकही आत खोलवर जायचं टाळायचे. ही चौघं चुकीच्या जागी पडली. त्यांच्या स्टोव्हला पॅराफिन नव्हतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यानं सगळा मार्ग बदलला. इंधन असतं तर पठारावरून सरळ कापून जाता आलं असतं. नसल्यामुळे जळण मिळेल अशा झाडांच्या रेषेच्या आसपास, वळसे घेत जावं लागलं. सामान इतकं, की एका खेपेत जमेना. थोडं पुढे न्यायचं, ठेवायचं, परत यायचं, दुसरा बोजा उचलायचा. म्हणजे प्रत्येक किलोमीटर तीनदा चालायचा. पंधरा-सोळा दिवस असे गेले. हे सगळे डोंगरात स्कीवर वाढलेले, आणि त्यातला पाउल्सन आणि हेलबर्ग तर मूळचे र्यूकानचेच. तरीही ती वाटचाल त्यांना जड गेली.

९ नोव्हेंबरला रेडिओ लागला. हाउगलानची बोटं थंडीनं आखडलेली, त्यामुळे संदेश पाठवण्याची त्याची नेहमीची लय लंडनला ओळखू येईना. शत्रूनं तर पकडलं नाही? खात्रीसाठी ठरलेला प्रश्न आला, की १ जानेवारी १९४१ च्या पहाटे स्ट्रँडवर काय दिसलं होतं. उत्तर होतं, तीन गुलाबी हत्ती. ते बरोबर आल्यावर लंडनला हायसं वाटलं आणि मोहिमेची गाडी पुढे सरकली.

म्योसवात्न तलावाच्या टोकाला, स्कोलान भागात उतरण्याची जागा ठरली. १९ तारखेच्या रात्री ग्राउसची माणसं तिथे दिवे आणि ‘युरेका’ नावाचं यंत्र घेऊन उभी होती. विमानातल्या ‘रिबेका’ यंत्राशी ते बोलायचं आणि विमानाला दिशा सापडायची. पण पहिल्या हॅलिफॅक्समधली रिबेका ऐन वेळी बंद पडली. मग नकाशा आणि खिडकी यांच्यावर भिस्त. बर्फानं झाकलेल्या डोंगरांत तलाव, दऱ्या, रस्ते सगळं एकसारखं दिसतं. विमान आसपास घिरट्या घालत राहिलं. खालच्या माणसांना इंजिनांचा आवाज आला, मोठा झाला, मग लांब गेला. त्यांच्यासाठी ती रात्र एवढीच होती. ते तिथेच उभे राहिले.

पहिलं विमान दाट ढगात सापडलं. बर्फ साचू लागला, इंधन घटू लागलं, परत फिरायचा निर्णय झाला. किनाऱ्याकडे येताना गोठलेला दोर तुटला. विमानातल्या लोकांना वाटलं, की आपण समुद्रावर आहोत. रात्री ११:५५ ला तसा संदेश ब्रिटनला गेला, की ग्लायडर समुद्रात सुटला. तो समुद्रात नव्हता. लिसेफ्योर्डच्या वरच्या डोंगरात, फिल्ग्येसदालेन इथं, खडकांवर पडला होता. विमान मात्र कसंबसं परत पोचलं.

दुसरी जोडी किनारा ओलांडून हेलेलान गावाच्या परिसरात आली. तिथे ग्लायडर सुटला आणि डोंगरात आपटला. त्याला ओढणारं हॅलिफॅक्स थोड्या अंतरावर दुसऱ्या डोंगरावर आदळलं. सातही जण जागीच गेले.

आता परत ती बेरीज. दोन्ही ग्लायडरमध्ये मिळून अपघातात अकरा मेले. त्यांपैकी चार वैमानिक, म्हणजे चारच्या चार. उरले सात सॅपर. तीस सॅपरांपैकी तेवीस वाचले. काळोखात, खाली काय आहे हे न दिसता, दोर सुटल्यावर काही मिनिटांत सात टनांचं लाकडी धूड खाली आणायचं, आणि मागे बसलेल्यांपैकी तीन चतुर्थांश माणसं जिवंत राहावीत इतपत ते सावरायचं. शेवटच्या मिनिटात त्या चौघांनी नेमकं काय केलं हे सांगायला त्यांतलं कुणी उरलं नाही. पण आकडा काहीतरी सांगतो, असं मला वाटतं. त्यांच्याबद्दल इतिहासात फार कमी लिहिलं गेलंय.

पहिल्या ग्लायडरमधल्या नऊ वाचलेल्यांपैकी चौघं गंभीर जखमी, पाच धडधाकट. दुसऱ्यातल्या चौदांपैकी काही जखमी. डोंगरात जखमी माणसांबरोबर अडकलात तर काय करायचं, हे आज कुठल्याही गिर्यारोहण संस्थेत शिकवतात. आडोसा करा, जखमींना गरम ठेवा, चालू शकणाऱ्यांपैकी दोघांना मदत आणायला पाठवा. या मुलांनी नेमकं तेच केलं. हेलेलानला त्यांच्यातले काही खाली वस्तीवर पोचले. शेतकऱ्यांनी आत घेतलं, मदत केली. पण एवढी माणसं, त्यात जखमी, लपवणार कुठे? डॉक्टर आणायचा तर जर्मनांना कळणारच. सॅपरांनी ते मान्य केलं. अंगावर ब्रिटिश गणवेश होता. युद्धकैद्यांबद्दलचा १९२९ चा जिनिव्हा करार होता, त्यावर जर्मनीची सही होती. पकडले जाऊ, छावणीत जाऊ, युद्ध संपेल तेव्हा घरी. हा हिशोब शहाणा होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच केला असता.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. १८ ऑक्टोबरला, ग्राउसची चौघं ज्या रात्री पठारावर उतरली त्याच दिवशी, हिटलरनं एक गुप्त आदेश काढला होता. ‘कमांडो ऑर्डर’ म्हणून तो ओळखला जातो. घातपातासाठी आलेल्या शत्रूच्या तुकडीतला माणूस गणवेशात असो वा नसो, लढत असो वा हात वर केलेले असोत, त्याला ठार करायचं. हा आदेश निघून महिना झाला होता, आणि नॉर्वेत तो पोचलेला होता.

हेलेलानच्या चौदांना एगर्सुनजवळच्या स्लेट्टेबो इथल्या जर्मन छावणीत नेलं आणि त्याच दिवशी, २० नोव्हेंबरला, गोळ्या घातल्या. जखमींसकट. हे इतक्या घाईनं झालं, की नॉर्वेतले जर्मन पोलीस अधिकारीच वैतागले. त्यांनी बर्लिनला तक्रारीच्या सुरात कळवलं, की लष्करानं यांना मारून टाकल्यामुळे आता चौकशी कुणाची करणार. माणसं मारली याचं दुःख नव्हतं, विचारपूस करायच्या आधी मारली याचं होतं.

म्हणून लिसेफ्योर्डच्या नऊ जणांच्या बाबतीत ‘चूक’ सुधारली गेली. पाच धडधाकट सॅपरांना ओस्लोजवळच्या ग्रिनी छावणीत ठेवून त्यांची चौकशी झाली. १८ जानेवारी १९४३ ला ट्रान्दुमच्या जंगलात त्यांना गोळ्या घातल्या. चार जखमींना स्टावांगरला गेस्टापोच्या ताब्यात दिलं. ते इतके मोडलेले होते, की त्यांच्याकडून काही काढून घेण्यासारखं नव्हतं. एका जर्मन डॉक्टरच्या हातून त्यांना इंजेक्शनं टोचली गेली, गळे आवळले गेले, आणि मृतदेह समुद्रात टाकले. हे मी युद्धानंतरच्या खटल्यात पुढे आलेल्या साक्षींवरून सांगतो आहे. याहून जास्त तपशील आहेत, पण ते व्यासपीठावरून सांगायची माझी इच्छा नाही.

जर्मनांनी काही दिवसांनी एक पत्रक काढलं. दक्षिण नॉर्वेत एक बॉम्बर आणि दोन ग्लायडर उतरायला भाग पाडले, त्यातली घातपाती टोळी लढाईत शेवटच्या माणसापर्यंत संपवली. लंडनला एवढंच कळलं. घरच्यांना मुलगा बेपत्ता असल्याची बातमी. खरं काय झालं ते मे १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य नॉर्वेत उतरल्यावर, पुरलेल्या जागा उकरल्यावर हळूहळू बाहेर आलं. ‘अपघातात एक्केचाळीस’ हा समज कसा तयार झाला असेल, याचा थोडा उलगडा इथे होतो.

अवशेषांमध्ये जर्मनांना एक नकाशा सापडला. त्यावर वेमोर्कभोवती वर्तुळ काढलेलं होतं. कारखान्याभोवती सुरुंग, दिवे, जादा पहारा, सगळं वाढलं. आणि पठारावर अजून ती चौघं होती.

त्यांना लंडनहून सांगण्यात आलं, की ग्लायडर गेले, तुम्ही थांबा, पुढची तुकडी येईल. तुकडीचं नाव बदलून ‘स्वॅलो’ केलं. ते आणखी वर, आत, एका एकाकी झोपडीत सरकले. खायला संपत आलं. मग त्यांनी बर्फ उकरून खडकांवर, जमिनीवर वाढणारं लायकेन खाल्लं, रेनडिअर जे खातात ते. आपल्याकडे गोड्या मसाल्यात दगडफूल घालतात ना, तेही लायकेनच. पण चिमूटभर मसाल्यात घालणं वेगळं आणि पोट भरायला उकळून खाणं वेगळं. सगळे आजारी, अशक्त. तलावाच्या धरणावर काम करणारा एइनार स्किनारलान हा स्थानिक साथीदार जमेल तेवढी मदत पोचवत होता. रेनडिअरचे कळप वाऱ्याच्या दिशेप्रमाणे फिरतात, आणि त्या डिसेंबरात ते जवळ येईनात. २३ डिसेंबरला पाउल्सनला एक मिळालं. त्यांनी त्याचं काहीही टाकलं नाही. पोटातलं अर्धवट पचलेलं लायकेनसुद्धा खाल्लं, कारण भाजी म्हणावं असं दुसरं काही नव्हतं आणि नुसत्या मांसावर माणूस फार दिवस टिकत नाही. हे ज्ञान त्या भागातल्या शिकाऱ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. कुठल्या लष्करी शाळेत ते मिळालं नसतं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे चार महिने ते तिथे राहिले. पुढची तुकडी आली ती ग्लायडरमधून नाही, पॅराशूटनं. सहा नॉर्वेजियन, सगळे स्कीवर तरबेज, प्रमुख य्वाकिम रोनेबर्ग. १६ फेब्रुवारी १९४३ ला उतरले, वादळात अडकले, आठवडाभरानं ग्राउसच्या माणसांना भेटले. मग हेलबर्गनं दरी पाहून ठेवली. दरीच्या उतारावर झाडं वाढली आहेत, म्हणजे माणूसही तिथून चढू शकेल, असा अंदाज. म्हणून २७ फेब्रुवारीच्या रात्री ते पुलावर गेलेच नाहीत. दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली, पलीकडून वर चढून कारखान्यात शिरले. एकही गोळी न झाडता सुमारे पाचशे किलो जड पाणी वाहून गेलं. पाच जण स्कीवरून चारशेच्या आसपास किलोमीटर कापून स्वीडनला पोचले. त्या रात्री कुणीच मेलं नाही. याच्यावर सिनेमे निघाले.

फ्रेशमनच्या सॅपरांची परतीची योजनाही हीच होती, स्वीडन. फक्त पायी, दोन-तीन जणांच्या गटांनी, कारण बहुतेकांना स्की येत नव्हती. आखणी करणाऱ्यांना हे अंतर माहीत होतं, हिवाळा माहीत होता. मोहीम अगदी यशस्वी झाली असती तरी त्यातले किती घरी पोचले असते, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नसावा, असं माझं मत आहे. माहितगार माणसं हाताशी असताना तीस मुलांना त्या डोंगरात पाठवणं हा निर्णय हवामानानं घेतलेला नव्हता.

खटल्यांचं सांगून थांबतो. स्टावांगरच्या त्या डॉक्टरला युद्धानंतर मृत्युदंड झाला. नॉर्वेतला जर्मन सेनाप्रमुख निकोलाउस फॉन फाल्केनहोर्स्ट याच्यावर १९४६ मध्ये ब्राउनश्वाइग इथे ब्रिटिश लष्करी न्यायालयात खटला चालला. कमांडो ऑर्डर पुढे पाठवल्याचा, राबवल्याचा आरोप. वरून आदेश होता, हा बचाव टिकला नाही. मृत्युदंड सुनावला गेला, मग तो वीस वर्षांच्या कैदेवर आला, आणि १९५३ मध्ये तब्येतीच्या कारणावरून त्याला सोडून दिलं. तो १९६८ पर्यंत जगला. काही प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांमधून प्रश्न : ते पाच जण, ज्यांना काही झालं नव्हतं, ते पळून गेले असते तर वाचले असते का?)

चांगला प्रश्न आहे, मलाही तो पडला होता. लिसेफ्योर्ड नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याकडे आहे आणि स्वीडन पूर्वेला. म्हणजे देशाची अख्खी रुंदी ओलांडायची, सरळ रेषेतसुद्धा तीनशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये डोंगर, नोव्हेंबर महिना. भाषा येत नाही, स्की येत नाही. एखादा स्थानिक वाटाड्या भेटला असता तर एखाद-दुसरा कदाचित निसटला असता. पण तुम्ही दुसरी बाजू बघा. चार मित्र मोडलेल्या हाडांनी बर्फात पडलेत, त्यांना सोडून जायचं आणि तेही कशाच्या भीतीनं? कैद होण्याच्या. मारलं जाईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते पाच जण थांबले.

ट्रान्दुमला मारलेल्या त्या पाच जणांच्या कबरी आज ओस्लोच्या वेस्टरे ग्राव्हलुंड स्मशानभूमीत आहेत. हॅलिफॅक्समधले सात हेलेलानच्या चर्चच्या आवारात आहेत, स्लेट्टेबोचे चौदा स्टावांगरला. त्या चार जखमींना कबर नाही. त्यांची नावं इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या स्मारकावर कोरलेली आहेत, ज्यांचे देह सापडले नाहीत अशा सैनिकांच्या यादीत.